नसरीन मॅडमचं भेव

पहिल्या तासाला नसरीन मॅडम वर्गात आल्याच नाहीत. दारातच उभ्या राहिल्या. ठेंगणी मूर्ती, डोक्यावरून घेतलेली फिकट ओढणी, खांद्याला कापडी पिशवी. आम्ही उभे राहिलो, पुन्हा बसलो, तरी त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकीनात. मग त्यांनी विचारलं, "आत्ता इथं आग लागली तर कुठून पळाल?"

आम्ही हसलो. पुढच्या दारात त्या स्वतःच उभ्या होत्या, म्हणून सगळ्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. "जा, उघड ते," त्यांनी शेवटच्या बाकावरच्या वैभवला सांगितलं. वैभवनं कडी काढली, दार ढकललं. दार हललं नाही. पलीकडच्या व्हरांड्यात मोडक्या बाकांची चळत लावलेली होती. येता-जाता ती आम्हाला दिसत होती.

"पाह्यलं? तुम्ही सगळे आत्ता त्या दारापाशी मरून राह्यले होते," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "दार आहे, हे तुमचं मत. दार उघडते, हा पुरावा. मी हेच शिकवणार आहे. ज्याले कंटाळा येईन त्यानं आत्ताच सांगावं." त्यांनी आमच्याकडून बाक हलवून घेतले, दार सताड उघडून पाहिलं आणि मगच त्या वर्गात आल्या.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात अर्बन डिझाईन शिकायला मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आले होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शहराचे रस्ते, चौक, बाजार कसे असावेत हे शिकायचं, एवढंच मला ठाऊक होतं. आणि ते शिकलेली माणसं छान छान चित्रं काढतात, असा माझा समज होता. मॅडमचा विषय होता पुराव्यावर आधारलेली रचना. पुस्तकात तो फार जड होता. मॅडमच्या तोंडी तो असा यायचा: "काढायच्या आधी पाहा. काढल्यावर पाहा. बांधल्यावर तर पाहाच, काहून का तवा लोक त्याच्यात अडकलेले असतात."

मॅडम भयंकर भित्र्या होत्या. आमच्या भागात भीतीला भेव म्हणतात, आणि हा शब्द त्यांच्या बोलण्यात सतत असे. कुत्र्याचं भेव, हलणाऱ्या पंख्याचं भेव, कठडा नसलेल्या जिन्याचं, गॅसच्या सिलिंडरचं, घाटातल्या बसचं. रस्ता ओलांडताना त्या आमच्यापैकी कुणाचं तरी मनगट धरीत आणि पलीकडे पोहोचल्यावरही थोडा वेळ सोडीत नसत. पोरं मागून भित्री भागूबाई म्हणायची. लहानपणी कुठल्याशा अपघातातून वाचल्या म्हणून अशा झाल्या, असं कुणी सांगे. कुणी म्हणे, दंगल पाहिली असेल. मी एकदा धीर करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काहीच झालं नाही, बेटा. नेरले अब्बाचं गॅरेज होतं, मजेत वाढलो आम्ही. मी जन्मापासूनच अशी आहे. पण भेवाची लाज कायची? भेव म्हणजे बातमी असते. कुठून आली ते पाह्याचं."

त्याच नेर गावच्या बसस्टँडवर त्यांनी आम्हाला एकदा नेलं होतं. तिथं प्रवाशांसाठी काय करता येईल, असा सराव होता. आम्ही झटपट चित्रं काढली. निंबाखाली बाक, बाकावर छप्पर, बाजूला कुंड्या. मॅडमनी ती पाहिलीही नाहीत. "निंबाखाली आधीच एक बाक आहे. त्याच्यावर कोण बसलं आहे?" बाकावर एक शेळी होती. माणसं उन्हात, फाटकाजवळच्या दगडी कडेवर दाटीवाटीनं बसलेली. आम्ही म्हणालो, लोकांना सवय नाही, बाकाची किंमत नाही.

"हे कोण सांगितलं? त्या शेळीनं?"

मग आम्ही सकाळभर तिथं बसून पाहिलं. निंबाखालच्या बाकावरून आत येणाऱ्या बसची पाटी दिसत नव्हती. एक म्हातारी सावलीला गेली, टेकली, आणि गाडीचा आवाज येताच धडपडत उठून धावली. तिची गाडी नव्हती. ती पुन्हा बाकाकडे गेली नाही. कडेवर जाऊन बसली. "ऊन परवडते," मॅडम म्हणाल्या, "पण गाडी चुकायचं भेव परवडत नाही. सावली काढली तुम्ही, भेव काहून नाही काढलं?" शेळीवरून त्या आम्हाला पुढे बरेच दिवस टोमणे मारीत. कुणी ठाम बोललं की विचारीत, "कोण सांगितलं बाबू, शेळीनं?"

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक खरी जागा निवडायची होती. मी आमचा तांडा निवडला. आर्णी रस्त्यावरच्या एका गावाला लागून आमचा तांडा आहे. आता तो पालिकेच्या हद्दीत आला आहे. गावातून तांड्यावर यायला दोन वाटा. एक पुढची, डांबरी, देवळासमोरून येणारी. दुसरी मागची, नाल्याच्या काठानं, तुरीच्या वावरांमधून. मागची वाट जवळची. संध्याकाळी गावातून कामावरून परतणाऱ्या बाया त्याच वाटेनं येत. त्यांत माझी भाभी होती, सुनीता. गावात एका शिवणाच्या दुकानात ती काम करायची आणि दिवेलागणीला घरी यायची.

त्या वर्षी नाल्यात बिबट होता. आधी बकऱ्या जाऊ लागल्या, मग कुत्री. वनखात्यानं पिंजरा लावला, पिंजऱ्यातली बकरी तशीच राहिली आणि पिंजऱ्याबाहेरची गेली. माझा भाऊ पुण्याला कामाला होता. संध्याकाळ झाली की माझी याडी, म्हणजे आई, चुलीपुढे बसून मागच्या दाराकडे कान लावायची. भाभीच्या बांगड्या वाजल्या की मगच भाकर टाकायची. मी घरी असले तर मीही तशीच बसायचे.

मी मॅडमना सांगितलं, मला या वाटेवर दिवे काढायचे आहेत. त्या म्हणाल्या, "बायाले पुढच्या वाटेनं काहून येता येत नाही?"

"ती लांब पडते, मॅडम."

"कोण सांगितलं?"

"मी तिथलीच आहे."

"मंग तर अजूनच पाह्याले पाह्यजे," त्या म्हणाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात एसटीनं आमच्याकडे आल्या. तांड्यावरची कुत्री भुंकत आली तेव्हा त्यांनी माझा दंड असा धरला की वळ उठले. आमच्या घरी त्यांनी चहा घेतला आणि याडीच्या शेजारी बसून भाभीला विचारलं, "तू मागून काहून येते?" भाभी खाली पाहून म्हणाली, "जवळ पडते." मॅडमनी मान हलवली. मग त्या संध्याकाळी भाभीबरोबर गावातून त्या वाटेनं चालत आल्या. मी मागे होते. तुरी डोक्याच्या वर वाढलेल्या, दोन्ही बाजूंनी अंगाला घासत. नाल्याच्या वळणावर भाभी एकदम मोठ्यानं बोलायला लागली, कालच्या भाजीबद्दल, काहीही. ते वळण संपलं तशी गप्प झाली. मॅडमनी मला नंतर सांगितलं, "ती वळणावर बोलत नव्हती, जनावराले आपण माणूस आहो म्हणून सांगत होती." त्यांच्या कपाळावर घाम होता. चष्मा पुसायला काढला तर तो हातातून पडला.

त्यांचं म्हणणं पक्कं झालं. "बायाले दिव्यापाशी आणू नका. बाया जिथून जातात तिथं दिवा न्या." मला हे वाक्य फार आवडलं. मी ते तक्त्यावर ठळक लिहिलं. पालिकेच्या इंजिनीअर साहेबांनाही ते पटलं. पुढच्या बैठकीत पक्के खांब मंजूर करून घेतो, म्हणाले. पण मॅडम अडून बसल्या, आधी कच्चे दिवे लावून पाहू. आम्ही वर्गातल्यांनी मिळून बांबूवर सौरदिवे बांधले आणि नाल्याच्या काठानं ओळीनं रोवले. पहिल्या संध्याकाळी ती वाट लग्नघरासारखी उजळली. वैभव म्हणाला, "मॅडम, आता बिबट्यालेच भेव वाटन." मॅडमही हसल्या. त्यांना इतकं मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

थोड्या दिवसांनी त्या पुन्हा आल्या, 'लावल्यावर पाहायला'. वळणाजवळच्या दिव्याखाली आम्ही दोघी दगडावर बसलो. दिवस मावळला. वाट पिवळी, स्वच्छ, मोकळी. बाया यायची वेळ झाली, पण कुणी येईना. मॅडम घड्याळ पाहत होत्या, मग ते पाहायचं थांबल्या.

"आज बाजार आहे का?"

"नाही."

"मंग?"

आणि तेवढ्यात खालून, नाल्याच्या पात्रातून, बांगड्या वाजल्या. दबक्या आवाजात कुणी बोललं, कुणीतरी दगडावरून घसरलं, पाण्यात चुबुक वाजलं. आमच्या दिव्यांच्या उजेडापलीकडे, झुडपांच्या अंधारात, बाया नाल्यातून चालल्या होत्या. एकीमागे एक. वळणापाशी त्या आता बोलतही नव्हत्या. आम्ही वर होतो, म्हणून.

मॅडमनी मला हाक मारू दिली नाही. माझ्या तोंडावर हात ठेवला. "थांब. दचकून पळतील. पळणाऱ्यावर जनावर येते."

बांगड्यांचा आवाज दूर जाईपर्यंत आम्ही श्वास धरून बसलो. त्याआधी मला कधीच कशाचा इतका धाक वाटला नव्हता. बिबट तिथं होता की नाही, मला माहीत नाही. पण तो त्या झुडपांत असता तर आम्ही आमच्या हातांनी सगळ्या बायांना त्याच्यापुढे नेऊन ठेवलं होतं, एवढं कळत होतं.

घरी आलो तर भाभी मागच्या अंगणात पाय धूत होती. गुडघ्यापर्यंत चिखल. याडी घरात होती. मॅडम भाभीशेजारी उकिडव्या बसल्या आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी मागच्या खेपेले तुले सासूसमोर विचारलं. ते विचारणं नव्हतं. आता सांग."

भाभीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "देवळापाशी नायक काका बसतात, सगळे म्हातारे बसतात. आमी सुना. पुढून आलं तर डोक्यावरून हातभर घुंगट घ्या लागते, चप्पल हातात घ्या लागते, कोणाची सून, काहून उशीर झाला, ते ऐका लागते. मागून अंधार होता, कोणाले दिसत नव्हतो. आता तुमी दिवे लावले. देवळाच्या ओट्यावरून वळण पुरं दिसते. चार माणसांपुढून गेल्यावाणी होते."

"अन् बिबट?"

"त्याचं भेव आहेच ना, मॅडम. पण तो रोज नाही भेटत."

मी तिथंच उभी होते. त्या तांड्यावर मी जन्मले, वाढले, आणि देवळासमोरून रोज डोकं उघडं टाकून आले-गेले. मी लेक होते. लेकीला घुंगट नसतो. म्हातारे मला हाक मारून अभ्यासाचं विचारत. तोच ओटा सुनांना कसा दिसतो, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मॅडम उठल्या आणि नाल्याकडे चालू लागल्या. मी टॉर्च घेऊन मागे धावले. त्यांनी एकेक बांबू उपटायला सुरुवात केली. त्यांच्या हातात जोर नव्हता. एक बांबू निघेना तर त्याला लोंबकळल्या. "कॉलेजवाले काय म्हणतील, मॅडम," मी म्हणाले. "म्हणू दे. आधी वाट अंधारी कर. निदान बाया वर तरी येतील."

पालिकेत त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं की खांब लावू नका. इंजिनीअर साहेब भले गृहस्थ होते, पण वैतागले. "मॅडम, महिन्यापूर्वी तुम्हीच या खुर्चीत बसून सांगितलं होतं." मॅडम म्हणाल्या, "हो. माझं चुकलं. कसं चुकलं ते दाखवते." आणि त्यांनी पुढ्यात कागद ओढून नाला, ओटा आणि वळण काढून दाखवलं. आमच्या कॉलेजचे एक सर सोबत होते. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "असं कबूल करायचं नसतं, मॅडम. विभागाचं नाव जातं." मॅडमनी त्यांना एवढंच विचारलं, "अन् सर, बाई गेली तर?"

उरला ओटा. नायक काकांशी बोलायला पुरुष माणूस पाठवा, असं याडीनं सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "मी जाते. पण तू सोबत चाल." देवळापर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

नायक काका म्हणजे आमच्या तांड्याचे प्रमुख. पांढरा फेटा, हातात काठी, तोंडात तंबाखू. सगळे म्हातारे सिमेंटच्या ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसलेले. मॅडमनी सगळं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आमी आमच्या देवळापाशी बसू नाही?"

"बसा ना. रस्त्याकडे पाहून बसू नका."

म्हातारे हसले. काका म्हणाले, "बाई, तुमी कुत्र्याले भेता असं ऐकलं. अन् आमाले शहाणपण शिकवाले आल्या?"

"कुत्र्याले भेते, काका. तुमालेही भेते." मॅडमनी हात पुढे केला. तो थरथरत होता, सगळ्यांना दिसला. "मी एक दिवस आली तर माझं हे हाल आहे. तुमच्या सुना रोज येतात."

"आमी काय बायाले खातो? खाते ते जनावर."

"तेच तर म्हणून राह्यली मी. नुसत्या जनावराले भेल्या असत्या तर तुमच्यापुढून आल्या असत्या. तुमाले भेऊन जनावरापुढं जातात."

काकांनी तंबाखू थुंकली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. आम्ही परत आलो. मॅडमना उलटी झाली. याडीनं त्यांना लिंबूपाणी दिलं आणि म्हणाली, "एवढं भेव वाटते तर कायले गेलत्या?" त्या म्हणाल्या, "नाही गेली असती तर रात्रभर वाटलं असतं."

दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. भाभी मागूनच येत राहिली आणि आम्ही चुलीपुढे कान लावून बसत राहिलो. मग एका संध्याकाळी मी पाहिलं, म्हातारे देवळाच्या मागच्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून बसले होते. घोंगड्या, पानाचे डबे, सगळं तिकडे. मला पाहून नायक काका म्हणाले, "या अंगानं हवा चांगली येते." पुढे काही दिवस पुढच्या वाटेनं कुणी आलं नाही. नंतर एक आली, घुंगट घेऊन, जवळजवळ पळत. मग दोघी. मग भाभी आली, आणि त्या दिवशी याडीनं पहिल्यांदा पुढच्या दाराकडे तोंड करून भाकरी थापल्या.

आमचा वर्ग पास होऊन बाहेर पडला. मला गावातच एका नकाशे काढणाऱ्या ऑफिसात काम मिळालं. माझ्या प्रमाणपत्रावर मॅडमचं नाव नाही, पण मी जिथं काही काढते तिथं त्या असतात. मधूनमधून फोन व्हायचा. पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी नाल्याच्या त्याच वळणावर बिबट्यानं वासरू धरलं. बरोबर बाया परतायच्या वेळेला. ओरडा ऐकून म्हातारे देवळामागून काठ्या घेऊन धावले. वासरू गेलं. चिखलात पंजे उमटले होते, नाल्याच्या पात्रात आणि वरच्या वाटेवर, दोन्हीकडे.

मी लगेच मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांना बरं वाटेल, अशी माझी समजूत होती. त्यांनी आधी विचारलं, "बाया कुठी होत्या?"

"पुढच्या वाटेवर, मॅडम. सगळ्या."

नेहमीच्या घाबऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "मागं त्याले आता कोणी भेटत नाही, बेटा. तो पुढं येईन का, हे तू पाहून राह्यली का?"

मी पाहत नव्हते. आम्ही जिंकलो, असं मी धरून चालले होते.

ते आमचं शेवटचं बोलणं. दिवाळीआधी मॅडम गेल्या, झोपेत, हृदय बंद पडून. नेरला त्यांच्या घरी आम्ही सगळे गेलो होतो. वैभव रडत होता.

आता ऑफिस सुटलं की मी घरी जात नाही. देवळासमोरच्या रस्त्यावर, जिथं घाणेरीची झुडपं डांबरापर्यंत आली आहेत, तिथं उभी राहते. झुडपं तोडा म्हणून पालिकेत अर्ज दिला आहे. ती तुटेपर्यंत कुणीतरी पाहायला हवं. बाया गप्पा मारत येतात, कुणाचा घुंगट खांद्यावर घसरलेला असतो. भाभी माझ्याजवळ थांबते आणि हळूच विचारते, "दिसला काय?"

"नाही," मी म्हणते, आणि झुडपांवरची नजर काढत नाही. दिसला नाही म्हणजे नाही, असं मॅडमनी मला शिकवलेलं नाही.